पुढे मी, मागे ते दोघं

फेरीबोटीच्या पोटात खलाशानं आमच्या सायकली एकाच दोरीनं बांधून टाकल्या, तिथेच सगळा घोळ झाला.

"बरोबर आहात ना दोघं?" त्यानं विचारलं.

"छे! मी एकटीच फिरते," मी ठसक्यात म्हटलं. "कुणाची सोबत नको, म्हणून तर निघालेय."

"ऐकलं हं," दुसऱ्या सायकलचा मालक हसला. दाढीतूनही खळी दिसत होती मेल्याची!

पलीकडे उतरलो, सीमेवर शिक्के घेतले, आणि रस्ता एकच होता म्हणून... फक्त म्हणूनच हं... बरोबर निघालो. वारा समोरून आला की तो पुढे, मी त्याच्या आडोशाला. तो दमला की मी पुढे. सायकलवाल्यांची रीतच ती. संध्याकाळी दोन तंबू, एक स्टोव्ह, दोन मग चहा. तंबूवर पाऊस टपटपायचा. तो पलीकडून विचारायचा, "झोपलीस?" मी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायचे.

मग ती उगवली, लाल हेल्मेटवाली. तंबूंच्या मैदानात तिच्या चाकाची तार तुटली आणि आमचे दाढीवाले महाराज चहा टाकून धावले. किती वेळ दोघं चाक फिरवत खिदळत होते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सकाळी ती म्हणाली, "मीपण बंदरापर्यंतच!" घ्या! बंदरावरून एक बोट माझ्या वाटेची, दुसरी बेटांकडची, म्हणजे तिची. तो कुठल्या बोटीत बसणार, ते त्यानं सांगितलं नव्हतं. आणि मी मेले तरी विचारणार नव्हते.

वारा समोरूनच होता. दातओठ खात मी पुढे झाले आणि अशी सायकल हाणली, की राहू देत दोघं मागे गप्पा मारत! मांड्या भरून आल्या, धाप लागली. तेवढ्यात हसू ऐकू आलं, अगदी पाठीशी. वळून बघते तर काय, दोघं माझ्या मागच्या चाकाला चिकटून आरामात! सगळा वारा मी खाल्ला होता आणि त्यांच्या गप्पांना आडोसाही मीच दिला होता. कपाळावर हात मारावासा वाटला.

बंदरावर ती म्हणाली, "थँक्यू हं ताई, मस्त ओढलंत आम्हाला!" आणि बोटीत चढली. ताई? माझ्याहून मोठी असेल ती!

तो घुटमळला.

"जा की," मी म्हटलं. "सुटेल बोट."

"जाऊ?"

"मला कशाला विचारतोस?"

"तुला सोबत नको ना... म्हणून तिला बेटांचा रस्ता विचारत होतो. उगाच तुझ्या वाटेत कशाला?"

भोंगा वाजला.

"जळतेय मी!" मी ओरडलेच. तिकीटवालासुद्धा वळून बघायला लागला. "कालपासून जळतेय! तिच्यावर, तिच्या चाकावर, त्या हेल्मेटवर! नको ना जाऊस... माझ्याबरोबर ये."

"तुझी एकटीची सफर मोडेल."

"मोडू दे!"

त्यानं सायकल वळवली आणि माझ्या बोटीच्या रांगेत माझ्याआधी जाऊन उभा राहिला.

"चल ना," म्हणाला, "खिडकीची जागा जाईल आपली."