बयाबाईचा चुडा

फोन आला तेव्हा फौजदार मालन खाडे चहात बिस्कीट बुडवत होत्या. बिस्कीट बुडालं ते बुडालंच.

"मॅडम, गाण्याच्या स्टुडिओत चोरी झालीया," जमादार आकाराम म्हणाला. "शिडी गेली म्हणं."

"शिडीसाठी फौजदार कशाला?"

"चढायची न्हवं. गाण्याची शिडी."

जाऊन बघतात तर सीडीही नव्हती. कॉम्प्युटरचं पोट उघडं पडलं होतं आणि आतली हार्ड डिस्क गायब होती. दाराचं कुलूप तुटून लोंबत होतं.

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या. वर तिथंच अगरबत्ती लावलेली. तो मिसळलेला वास येताच मालनबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"बुडालो की मॅडम," मालक राजवीर म्हणाला. "स्टुडिओचं सगळं काम एकाच डिस्कवर. दुसरी न्हाईच. रात्रीत कुणीतरी नेली."

"हा भारीतला माईक सोडून चोरानं डिस्क नेली?"

"त्याला गाणीच पायजे हुती. बयाबाईंची. धम्मपालला विचारा. माझ्याकडं रेकॉर्डिंग करायचा, परवाच भांडून गेला. बयाबाई त्याची सख्खी आत्ती."

दारात एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती. बयाबाईची मुलगी, दीप्ती. गडहिंग्लजहून एसटीनं आलेली. बयाबाई ओव्या म्हणायची; जात्यावर, बारशात, बुद्धविहारात, बोलावतील तिथं. पण माईकसमोर जन्मात एकदाच बसली, ती या खोलीत. पुढं दोन महिन्यांत गेली. तेव्हापासून दीप्ती मूळ रेकॉर्डिंग मागायला खेपा घालत होती आणि राजवीर 'उद्या या' म्हणत होता.

"ताई, रडू नका," राजवीर मधाळ आवाजात म्हणाला. "मूळ गेलं तरी रेकॉर्डिंगच्याच दिवशी मुळावरनं उतरवलेली सीडी माझ्या घरी हुती. काडीचा फरक न्हाई. घ्या, ऐका."

त्यानं सीडी प्लेअर लावला आणि खोलीत मेलेल्या बाईचा आवाज उभा राहिला.

*धनी गेला, चुडा राहू दे गं, चुडा माझा मी भरला,*
*फोडाया जो हात आला, हात रिकामा गं फिरला.*

दीप्तीनं डोळे मिटले. मग सावकाश उघडले.

"आईच हाय. पण पाण्याखालनं गाती असं वाटतंय."

"दुःखात कान असंच करत्यात," राजवीर म्हणाला.

मालनबाई भिंतीवरचा फोटो बघत होत्या. त्याच दिवशीचा, राजवीरनंच हौसेनं लावलेला. माईकसमोर बयाबाई. एक हात कानावर, दुसरा ठेक्यासाठी मांडीवर आपटायला उचललेला. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या.

तेवढ्यात गळ्यात पक्षाचं उपरणं घातलेला एक कार्यकर्ता आत घुसला. दोन हजार चार सालची निवडणूक तोंडावर आलेली. या लोकांना दार वाजवायची सवय राहिली नव्हती.

"राजवीरभाऊ, साहेबांच्या प्रचाराच्या गाण्यात आजच्या सभेच्या चौकाचं नाव बदललं का? सकाळी फोन केलतो बघा."

"मघाशीच बदललंय," राजवीरनं कॅसेट त्याच्या हातावर ठेवली आणि घाईनं त्याला बाहेर काढलं.

मालनबाईंनी त्या कॅसेटकडं एकदा बघितलं. दीप्तीकडून सीडी तेवढी मागून घेतली.

ठाण्यात धम्मपालला आणलं होतं. तिशीचा, सडसडीत. बाकावर पाठ न टेकता बसलेला.

"भांडण कशावरनं?"

"आत्तीचं मूळ रेकॉर्डिंग उतरवून द्या म्हटलं. ते मला मशीनला हात लावू देईनात. आता चोर मीच का?"

"ते ठरायचंय. रेकॉर्डिंग तूच केलंस?"

"व्हय. आत्तीला म्हटलं, बांगड्या काढ, माइकात वाजत्यात. तर म्हणाली, आधी ह्या गातील, मग मी. आतोबा गेले तेव्हा भावकी फोडायला आली हुती. तिनं हात पाठीमागं बांधले आणि म्हणाली, माणूस गेलं, मी न्हाई गेलो. मग मीच माईक जवळ घेतला. प्रत्येक ठेक्याला किणकिण आली पायजे म्हणून."

मालनबाईंनी सीडी लावली. धम्मपाल दोन ओळी ऐकून उठूनच उभा राहिला.

"हे मी केल्यालं न्हवं."

"आवाज तर तिचाच आहे."

"आवाज हाय. पण हे दाबलंय मॅडम. मूळ फाईल लई जागा खाती. ती एमपीथ्री करून दाबली की चिमूटभर होती. एका सीडीत दीडशे गाणी विकत्यात ना जोतिबाच्या यात्रेत, तशी. मशीन बघतंय, कानाला काय नसलं तरी चालंल, आणि तेवढं फेकून देतंय. लई दाबलं तर बारीक, काचेसारखा आवाज पहिला जातोय."

"दाबलेलं परत फुगवता येतं?"

"फुगवून सीडी भरती, पण गेल्यालं येत न्हाई. चिपाडावर पाणी वतलं म्हणून उसाचा रस हुतोय व्हय?"

मालनबाईंनी टोपी उचलली.

दुपारी त्या धम्मपाल आणि दीप्तीला घेऊन परत स्टुडिओत उभ्या होत्या.

"चोर सापडला का?" राजवीरनं विचारलं.

"चोरी झालीच नाही तर चोर कुठला? सगळं काम एकाच डिस्कवर, दुसरी नाहीच, असं तूच म्हणालास. ती रात्री गेली. मग आज सकाळी फोन आल्यावर साहेबांच्या गाण्यातला चौक कुठल्या डिस्कवर बदललास?"

राजवीरची नजर क्षणभर भिंतीशी ठेवलेल्या हार्मोनियमच्या पेटीकडं गेली. आकारामनं पेटी उघडली. आत हार्मोनियम नव्हती. पक्षाच्या उपरण्यात गुंडाळलेली डिस्क होती.

"चौक बदललास, डिस्क काढलीस, मग स्वतःचं कुलूप फोडून आम्हाला फोन केलास. आता सीडी. त्याच दिवशी मुळावरनं उतरवली म्हणालास. मग हिच्या बांगड्या कुठं आहेत?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "मांडीवर हात आपटतीय, ठेका ऐकू येतो, आणि कोपरापर्यंतचा चुडा मुका? मूळ तुझ्याकडं नव्हतंच. तू ते दाबलंस, पुसलंस, आणि दीप्ती मागायला लागल्यावर उरलेला चोथा फुगवून हिच्या ओंजळीत टाकलंस. हे ओळखणारा एकटा धम्मपाल. त्यालाच चोर ठरवलं की त्याचं कोण ऐकणार?"

राजवीर गुटख्याची पुडी हातात चुरगाळत राहिला.

"डिस्क भरलीती मॅडम. साहेबांची गाणी अर्जंट. म्हातारीच्या ओव्या कोण ऐकतंय सांगा की. आणि शब्द तर सगळे हाईतच."

मालनबाईंना त्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांची वाटली नव्हती एवढी किळस आली. लबाडी त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पण लबाड माणसाला निदान चोरलेल्या वस्तूची किंमत कळते.

"मूळ परत काढता येईल?" त्यांनी धम्मपालला विचारलं.

त्यानं डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बराच वेळ खटपट केली. "पुसलेल्या जागेवर साहेबांची गाणी बसलीत. आता न्हाई निघायचं."

दीप्तीनं पिशवीतून एक फडकं काढलं. सोडलं. आत हिरव्या बांगड्या होत्या. विहारात आईचा आवाज लावायचा तेव्हा शेजारी ठेवायला आणलेल्या. एकही पिचलेली नव्हती.

"जिवंत हुती तोवर अख्ख्या भावकीला ह्या फोडता आल्या न्हाईत," ती राजवीरला म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तू फोडल्यास. आणि का, तर जागा कमी पडतीया म्हणून."

खोट्या फिर्यादीचा गुन्हा लिहायला आकाराम बसला. मालनबाई हवेसाठी दारात आल्या. रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा जात होती. साहेबांचं गाणं, चौक बदललेलं. त्यातली झांज न् झांज स्वच्छ ऐकू येत होती.