नवं पितळ, जुनं माप

रायफल फुटली तेव्हा सदाशिवरावांचा गाल तिच्या दस्त्याला टेकलेला होता. दोन हजार सहा साल. कापसाला भाव नव्हताच, वर रानडुकरं पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटत होती, म्हणून कळंबजवळच्या गावाने परवाना असलेल्या या निवृत्त वनाधिकाऱ्याला बोलावलं होतं. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले.

शुद्धीवर येताच त्यांनी इंद्रजितचं नाव घेतलं. तो त्यांचा नेमबाजीतला जुना सोबती. सदाशिवराव काडतुसं घरीच भरत; त्यांचे जुने पितळी खोखे, बारूद भरायची नळकांडी, चिरू लागले, तेव्हा दुसऱ्या कंपनीचे त्यानेच आणून दिले होते. फौजदार दीपमालाने त्याला ठाण्यात बसवलं, पण तिचं मन मानेना. उद्या कोर्टात उभा केला की बिचाऱ्याच्या आयुष्याची माती होणार होती.

इंद्रजित शपथेवर सांगत होता की, नव्या खोख्याची भिंत जाड, आत जागा कमी, तेवढीच बारूद भरली तर दाब वाढतो. माप उतरव, असं त्याने अनघाला बजावलं होतं. अनघा ही सदाशिवरावांची मुलगी. त्यांना लांबचं हरीण दिसे, जवळचा तराजूचा काटा दिसत नसे, म्हणून बारूद तीच तोलायची. अनघा म्हणे, मला कुणी काहीच सांगितलं नाही.

दीपमालाने उरलेली काडतुसं जाणकाराकडून उघडवली. प्रत्येकात जुनंच माप, काठोकाठ. मग ती सदाशिवरावांच्या घरी गेली. काडतुसं भरायच्या टेबलावर दोन रिकामे खोखे होते, एक जुना, एक नवा. दोन्हींच्या आत पांढरा खार चढला होता, बोअरच्या पाण्याने पितळी गुंडावर, हंड्यावर चढतो तसा.

"या टेबलाले हात कोण लावते?"

"मीच."

"मंग या दोन खोख्यात पाणी कायले भरलं?"

"धुतले असन."

"बाकीचे सारे लखलखीत आहेत. हे दोनच भरून ठेवले होते."

अनघाने नवा खोखा उचलून मुठीत धरला.

"पाणी भरून तोललं का कोणात किती जागा हे समजते," दीपमाला म्हणाली. "इंद्रजितनं तुले सांगतलं, तू पडताळूनही पाह्यलं, आन मंग जुनंच माप भरलं. चुकणारा मानूस आधी मोजून पाहत नाही, अनघा. भीमराजसाठी केलं ना?"

दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळी, पिकाच्या राखणीवर असलेला भीमराज सदाशिवरावांच्या गोळीने मेला होता. अंधारात डुक्कर वाटलं, असा जबाब झाला आणि प्रकरण मिटलं. अनघा त्याच्याशी लग्न करणार होती आणि बापाला ते मान्य नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. कागदावर ते कुठेच नव्हतं.

"दोन वर्सं त्यायले जेवू घातलं मी," अनघा म्हणाली. "आता मले जाऊन त्यायले सांगू द्या, माप मीच भरलं म्हून."

दीपमालाने तिला दवाखान्यात नेलं. त्यात तिचाही डाव होता. जो माणूस लांबचं हरीण टिपतो, त्याला डुक्कर आणि माणूस ओळखू येत नाही, हे तिला कधीच पटलं नव्हतं.

अनघाने वडिलांच्या कानाशी वाकून सांगितलं. पट्ट्या बांधलेला म्हातारा दातओठ खात बोलला, "ऐक मंग तूबी. चांगला उजेड होता त्या दिवशी. मले डुक्कर नोतं दिसलं. तोच दिसलता."

दीपमालाने दोन्ही जबाब लिहून घेतले आणि इंद्रजितला सोडायला ठाण्यात फोन केला. अनघा खाटेजवळच होती. जे तिला दोन वर्षं पक्कं माहीत होतं, ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ती पहिल्यांदा रडली.