झऱ्याला गढूळ पाणी आलं तेव्हा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या खांबाला खुशाल टेकून बसला होता.

"उठा आधी! उतार किती सरकला हे याच खांबापासून मोजतो आम्ही. तो हलता कामा नये."

"मग चुकीच्या दगडावर रोवलात," तो हसला. "हा दगड दर मोठ्या वादळात खाली येतो. माझ्या आत्याच्या लहानपणी पार वर होता."

गावातले झरे सांभाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होतं. मी पडले भूवैज्ञानिक! नाक मुरडून निघून आले. पण मग रोज सकाळी तो झरे बघायला आणि मी यंत्रं बघायला नेमके एकाच वेळी निघू लागलो... योगायोग, दुसरं काय!

"आज उशीर केलात?"

"तुम्हीच लवकर आलात."

"वाट बघायला लवकरच यावं लागतं," तो म्हणाला, आणि मी उगाचच वहीत डोकं घातलं.

मग वादळ आलं. तिसऱ्या दुपारी तो चिंब भिजून माझ्या खोलीच्या दारात उभा. हातातल्या बाटलीत चहासारखं गढूळ पाणी.

"झरा सकाळी एकदम आटला, आता हे येतंय. आत्या म्हणते, असं झालं की डोंगर थांबत नाही. धोक्याचा भोंगा वाजवा."

उताराखाली नऊ घरं होती. भोंग्याचा निर्णय माझा, आणि पडद्यावर हालचाल शून्य. शून्य कशी? इतक्या पावसात? यंत्र उतारावर, खांब त्या दगडावर... दोन्ही जोडीनं सरकत असतील, तर मधलं अंतर बदलणार कसं! मी भोंगा वाजवला.

तासाभरात घरं रिकामी झाली. फक्त आत्या शेळ्या सोडायला मागे राहिली होती. तो तिला आणायला गेला — आणि डोंगर कोसळला.

आवाज थांबला. मग चिखलातून आधी शेळ्या आल्या, आणि मागून तो, पाठीवर आत्याला घेऊन.

मी धावले. "तुला काही झालं असतं तर? आवडतोस तू मला... कळतंय का?"

"कधीचं कळलंय," तो धापा टाकत म्हणाला. "तू कधी बोलतेस याचीच वाट बघत होतो."

"बोलली ना? मग मला खाली ठेव," आत्या करवादली, "आणि तिला धर आधी, पडेल ती."

त्यानं मला धरलं. मी हसत होते, आणि रडू काही थांबत नव्हतं.