कानातला बाबा

कामावरून आल्याआल्या हेरंबने "रेवू!" म्हणून हाक मारली, पण सहा वर्षांची लेक हूं नाही की चूं नाही. ती गॅलरीकडे तोंड करून खुदुखुदू हसत होती. गॅलरीत तिचा दिगूमामा, म्हणजे हेरंबचा मेहुणा, सतारीच्या तारा जुळवत बसला होता. झालं, हेरंबच्या पोटात दुखायला लागलं. हल्ली ते रोजच दुखायचं.

रेवती जन्मापासून बहिरी. गेल्या वर्षी मिरजेतल्या डॉक्टरांनी तिच्या कानामागे कर्णबीज, म्हणजे ऐकू आणणारं इवलंसं यंत्र, बसवलं आणि घरातल्या तिघा मोठ्यांच्या गळ्यात एकेक लॉकेट अडकवलं. लॉकेट आजूबाजूचे आवाज टिपायचं, गोंगाट गाळायचं आणि उरलेलं बिनतारी कर्णबीजाकडे पाठवायचं. कर्णबीज मात्र एका वेळी एकाच लॉकेटचं ऐकायचं. जो जवळ असेल त्याचं ऐकावं, हे खरं. पण एकदा कुणाला धरलं, की त्याची लहर अगदी क्षीण होईपर्यंत ते सोडायचं नाही. दिगू सतारींचं काम घरीच करायचा, त्यामुळे रेवतीच्या कानात दिवसभर दिगू.

"मामाच्या लॉकेटातून गंमत ऐकू येते," ती सांगायची.

"आणि माझ्या?"

तिने बराच विचार केला. "तुझ्यातून पंखा ऐकू येतो."

पंखा! सख्ख्या बापाच्या वाट्याला पंखा! हेरंब रात्रभर कूस बदलत राहिला.

आणि गंमत बघा, या दुखण्यावरचं औषध द्यायचीच त्याची नोकरी होती. एका मोठ्या इस्पितळाची बिनतारी यंत्रणा तो सांभाळायचा. नर्सचा टॅबलेट लिफ्टजवळच्या वायफायच्या खोक्याला चिकटून बसायचा. नर्स वॉर्डाच्या पार टोकाला गेली तरी सोडायचा नाही, आणि रुग्णाची माहिती अडकायची. मग हेरंब लिफ्टजवळच्या खोक्याची ताकद उतरवायचा. टॅबलेट आपसूक शेजारच्या खोक्याकडे वळायचा. "जास्त ताकद म्हणजे चांगली सेवा नव्हे," असं तो नव्या लोकांना मोठ्या तोऱ्यात शिकवायचा.

घरी मात्र शिकवलेलं सगळं गुंडाळून ठेवलं. पालक म्हणून लॉकेटांचा ताबा त्याच्याच फोनवर होता. कुणाला न सांगता त्याने दिगूच्या लॉकेटची ताकद पार तळाला नेली आणि स्वतःची शेवटच्या टोकाला चढवली.

काय सांगावं! दुसऱ्या दिवसापासून हाक मारली की रेवती वळायची. दिगू समोर बसून हातवारे करत काहीबाही सांगायचा, आणि ती मात्र आतल्या खोलीतल्या बाबाला उत्तर द्यायची. दिगूचा चेहरा उतरायचा. हेरंबला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला गारगार वाटत होतं.

रविवारी सकाळी दिगू रेवतीला घेऊन खाली सोसायटीच्या आवारात गेला. वर स्वयंपाकघरात हेरंब पोह्यांसाठी कांदा चिरत होता. बायको, मृदुला, बटाटे धूत होती.

"तुझ्या भावाला म्हणावं, आता आपलं वेगळं बिऱ्हाड बघ," हेरंब म्हणाला. "पोरगी माझी आहे, त्याची नाही. गेला की सुटेन एकदाचा."

"जळतोयस तू, हेरंब."

"हो, जळतोय! बापाने जळू नये असा कायदा आहे?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात दिगू उभा होता. कोपर सोलवटलेलं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. रेवती त्याला घट्ट बिलगली होती.

"दाजी, एक गाडी रिव्हर्समध्ये येत होती," दिगूला धाप लागली होती. "मी 'थांब, थांब' म्हणून बोंबलतोय, पण हिने मान वळवून बघितलं नाही. ओढली म्हणून वाचली."

"मामाचा आवाज आलाच नाही," रेवती म्हणाली. "बाबा कांदा चिरत होता. म्हणाला, मामा गेला की सुटेन."

मृदुलाने हेरंबचा फोन उचलून लॉकेटांचं पान उघडलं. पडद्यावर तीन पट्ट्या होत्या. तिची स्वतःची मधोमध, हेरंबची टोकाला भिडलेली, दिगूची जेमतेम दिसणारी.

"कुणी केलं हे?"

"मी," हेरंब म्हणाला. इस्पितळातल्या त्या लिफ्टजवळच्या खोक्यासारखा तोच तिला धरून बसला होता.

दिगू चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "माझं बंद करायचं तर करा, दाजी. पण सांगायचं होतंत. मी तिचा हात सोडलाच नसता."

हेरंबने मान खाली घालून फोन घेतला आणि तिन्ही पट्ट्या सारख्या करायला लागला. रेवती टाचा उंचावून बघत होती.

"यावरून ठरतं? माझ्या कानात कोण बोलणार ते?"

"हो, रेवू."

"मग हे माझ्याकडे का नाही?"

तिने हात पुढे केला. हेरंबच्या बोटांनी फोन अजून घट्ट धरला होता. कान तिचा, मागणंही रास्तच. पण फोन दिला, आणि तिने सगळ्यात आधी बाबालाच उतरवलं तर?