सव्वातीनला आलेलं कार्ड

या घटनेला तीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी ज्यांनी काही पाहिलं, ऐकलं, त्यांच्यापैकी आज मी एकटीच उरले आहे. साक्षीदार आणा म्हणाल तर माझ्याकडे नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

१७ मे १८८१. मंगळवार. दुपारचे सव्वातीन.

लंडन, बेल्ग्रेव्हिया. अर्ल ऑफ एन्डरली, म्हणजे माझे वडील, यांचं घर.

अंधार नव्हता. वादळ नव्हतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि दिवाणखान्यात नऊ बायका चहा पीत बसल्या होत्या. मंगळवार हा ममाचा भेटीचा दिवस. मी गुलाबी रेशमी पोशाखात, कप पुढे करत फिरत होते. मी वीस वर्षांची होते. पुढच्याच महिन्यात लॉर्ड सेव्हर्नेकशी माझं लग्न ठरल्याचं जाहीर होणार होतं.

दाराची घंटा वाजली.

खाली टिंबरेलची, आमच्या बटलरची, पावलं ऐकू आली. मग दार उघडल्याचा आवाज.

मग... काहीच नाही.

कुणी वर आलं नाही. कुणाचं नाव पुकारलं गेलं नाही.

"टिंबरेल म्हातारा झाला हो," लेडी प्रडो केक तोंडात ठेवत म्हणाल्या. "दारापासून इथवर यायला त्याला आता घोडागाडीच द्या."

सगळ्या हसल्या. ममा मात्र हसली नाही. तिचा हात किटलीवर तसाच थांबला होता.

मी पंखा शोधायच्या निमित्तानं खाली गेले. हॉल रिकामा होता. टेबलावरच्या चांदीच्या तबकात एकच कार्ड होतं. त्याचा उजवा कोपरा दुमडलेला होता. म्हणजे ते नोकराकरवी पाठवलेलं नव्हतं. देणारी व्यक्ती स्वतः दारात येऊन गेली होती.

मी कार्ड उचललं.

मिसेस हेन्री लोमॅक्स.

माझी बहीण. जॉर्जियाना. माझी जॉर्जी.

तीन वर्षांपूर्वी तिनं आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हेन्री लोमॅक्सशी लग्न केलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती. तिनं मला एकही पत्र लिहिलं नव्हतं. निदान मला तसंच वाटत होतं. ती मला विसरली, या रागावर मी तीन वर्षं काढली होती.

"टिंबरेल!"

तो तळघराच्या जिन्यावरून वर आला.

"आत्ता कोण आलं होतं?"

"कुणीच नाही, बाईसाहेब. घंटा वाजली म्हणून दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं."

"मग हे काय आहे?"

त्यानं कार्ड पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. या माणसानं लहानपणी मला चोरून मुरंबा खाऊ घातला होता. त्याला असा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हे शक्य नाही," तो पुटपुटला. "बाईसाहेब, हे शक्यच नाही..."

"का शक्य नाही?"

तो जिन्याकडे परत वळू लागला.

"टिंबरेल, तुला माझी शपथ आहे."

"त्या यायच्या," तो म्हणाला. "फेब्रुवारीच्या अखेरीपासून दर मंगळवारी, बरोबर या वेळेला. एकूण अकरा वेळा. तुम्हालाच भेटायचं म्हणायच्या. मोठ्या बाईसाहेबांचा हुकूम होता... मी सांगायचो, लेडी अ‍ॅरॅमिंटा घरी नाहीत, मॅडम."

लेडी अ‍ॅरॅमिंटा म्हणजे मी. मी वर होते. अकराही वेळा मी वरच होते.

"घरी नाहीत" हे आमच्यात कुणी खोटं धरत नाही. आज भेट होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आलेली व्यक्ती समजून घेते आणि जाते. पण ज्या घरात जन्म झाला त्याच घराच्या पायरीवर, जुन्या नोकराच्या तोंडून ते ऐकताना जॉर्जीला काय वाटलं असेल?

"पण आज ती आलीच ना? मग शक्य नाही असं का म्हणतोस?"

टिंबरेलनं मान खाली घातली.

"बाईसाहेब... त्या शुक्रवारी गेल्या. तापानं. मिस्टर लोमॅक्सचं पत्र शनिवारीच आलं आहे."

मी अंगावरच्या गुलाबी रेशमाकडे पाहिलं.

माझी बहीण जाऊन चार दिवस झाले होते. आणि मी कालच एका मेजवानीत नाचून आले होते.

पाहुण्या गेल्यावर मी ममाच्या खोलीत शिरले.

"जॉर्जी गेली?"

"हळू बोल. नोकर ऐकतील."

"नोकरांना माहीत आहे, ममा. फक्त मलाच माहीत नव्हतं."

ती आरशासमोर बसली. कानातले डूल काढू लागली. एक निघेना.

"सहा महिने काळे कपडे घालावे लागले असते," ती म्हणाली. "मेजवान्यांचा, लग्नं जुळायचा सगळा सीझन फुकट. सेव्हर्नेकची आई तेवढं थांबली असती असं वाटतं तुला? एकदा जाहीर झालं की मी तुला सांगणारच होते."

"आणि ती अकरा वेळा आली तेव्हा?"

"तिच्याबरोबर तुझंही नाव गेलं असतं, मिंटी. माझी एक मुलगी गेली होती. दुसरी जाऊ द्यायची नव्हती मला."

मी तिच्या लिहिण्याच्या टेबलाचा खण ओढला. तिनं अडवलं नाही. आत माझ्या नावची पत्रं होती, सगळी फोडलेली. शेजारी कार्डांचा एक गठ्ठा होता, काळ्या फितीत बांधलेला. अकरा कार्डं. ममानं एकही फेकलं नव्हतं. ती फीत तिनं कधी बांधली असेल, हे मला आजही विचारावंसं वाटतं.

मी हातातलं कार्ड त्यांच्याशेजारी ठेवलं.

तोच कागद. तीच छपाई. तसाच दुमडलेला कोपरा.

फरक एकच होता. अकरा कार्डांवर खाली तिच्या लॅम्बेथमधल्या घराचा पत्ता होता.

बाराव्यावर पत्त्याची जागा... कोरी होती.

"हे कुठून आणलंस?" ममानं विचारलं.

"आजच आलंय."

तिनं खुर्ची मागे सरकवली, त्या कार्डापासून दूर.

दुसऱ्या दिवशी मी काळा पोशाख घातला. कुणासाठी, असं लोक विचारत. मी सांगत असे. सेव्हर्नेकच्या आईचं पत्र आठवड्याभरातच आलं. अपेक्षेप्रमाणे नकाराचं.

पण मला त्याचं काही नव्हतं. मला एकच गोष्ट छळत होती. मीच तिला दारातून परत पाठवलं, असं समजून जॉर्जी गेली असेल. तिला एकदा सांगायचं होतं. एकदाच.

पुढच्या मंगळवारी तीन वाजल्यापासून मी हॉलमध्ये उभी राहिले. टिंबरेलला खाली पाठवलं. ममा वर होती.

सव्वातीन.

घंटा वाजली.

आमच्या घरातल्या मुलीनं समोरचं दार कधी स्वतःच्या हातानं उघडलं नव्हतं. कडी कुठल्या बाजूला सरकते, तेही मला ठाऊक नव्हतं. दोन्हीकडे ओढून पाहिली.

दार उघडलं.

जॉर्जी पायरीवर उभी होती.

तपकिरी पोशाख. झिजलेले हातमोजे. ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं, पण तिनं डोळे मिटले नव्हते. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"जॉर्जी," मी म्हणाले. "मी घरी आहे. मी रोज घरीच होते गं. मला कुणी सांगितलंच नाही."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून आत, हॉलमध्ये पाहत होती.

"लेडी अ‍ॅरॅमिंटा घरी आहेत का?" तिनं विचारलं.

"आहे! ही काय, समोर उभी आहे!"

आणि माझ्या पाठीमागून... आवाज आला.

"घरी नाहीत, मॅडम."

मी गर्रकन वळले.

हॉलमध्ये कुणीही नव्हतं.

तो आवाज पुरुषाचा होता की बाईचा, हे मला आजही सांगता येत नाही. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा पायरी रिकामी होती. रस्त्यावर एक दूधवाला तेवढा चालला होता.

मी ते घर सोडलं. आता बाथ नावाच्या गावात एका लहानशा घरात राहते. सोबतीला मिसेस क्रॉली असते. वय पंचावन्न, नेमानं चॅपलमध्ये प्रार्थनेला जाणारी. नोकरीला लागतानाच तिनं बजावलं होतं, "मॅडम, तुम्ही घरात असताना नाहीत म्हणून सांगणार नाही. मला देवाला उत्तर द्यायचंय."

ती कधी खोटं बोलली नाही.

गेल्या मंगळवारी मी वर खिडकीशी वाचत बसले होते. मिसेस क्रॉली वर आली आणि दारातच थांबली. एप्रनचं टोक मुठीत आवळत होती.

"मॅडम, एक बाई आल्या होत्या. तुम्हाला विचारत होत्या."

"मग?"

"मी सांगितलं, घरी नाहीत." तिचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं तुम्ही वर आहात. मी 'आहेत' म्हणायलाच तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण बाहेर आलं ते हे."

मी पुस्तक मिटलं.

"त्या रागावल्या का?"

"नाही हो. उलट माझीच समजूत घातली. म्हणाल्या, 'खरंच नसेल ती घरी. असती तर धावत खाली आली असती.'"