साक्षीची बशी

पाणी निर्जंतुक करणारं यंत्र खरोखर काम करतं की नाही, हे ठरवायची रीत फार साधी आहे. यंत्रात जाणारं पाणी एका बाटलीत घ्यायचं, बाहेर येणारं दुसऱ्या बाटलीत. जंतूंना मानवणारी खळ काचेच्या बश्यांत थापलेली असते. तिच्यावर हे पाणी पसरायचं आणि बश्या उबेत ठेवायच्या. पहिल्या बशीवर ठिपके उगवतात. दुसरी कोरी राहिली की यंत्र पास.

पण कोरेपणावर विश्वास ठेवायचा नसतो. खळच शिळी असेल तर? म्हणून तिसरी बशी. स्वच्छ झालेल्या पाण्यात आपणच मुद्दाम जिवंत जंतू सोडायचे आणि ते पसरायचे. ही बशी भरून यायलाच हवी. ती आली, म्हणजे दुसरी खरोखरच स्वच्छ. आमच्या कार्यालयात तिला साक्षीची बशी म्हणतात. साक्ष मिळाली नाही, तर चाचणी रद्द.

लहान वस्त्यांच्या पाणी योजनांसाठी जे पंप आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रं येतात, त्यांना मंजुरी देणाऱ्या कार्यालयात मी काम करते. माझा नवरा म्हणतो, जगात बाकीच्या परीक्षकांना मुलं पास झाली की बरं वाटतं, तुला सगळे मेले की.

त्या डोंगरावरच्या वस्तीचं काम मी मागून घेतलं ते ठकीसाठी. ठकी माझी लेक. दिवस भरायच्या आत आली, साखरेच्या पिशवीएवढी. जरा अंग धरलं तोच पोट बिघडलं, आणि तिच्या टाळूवरचा खळगा इतका आत गेला की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची बंद झाले. त्यातून ती वाचली. पण तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय, ठकीचं वजन. साहेब म्हणाले, तिथे काही आठवडे मुक्काम करावा लागेल, हवा चांगली आहे, लेकीलाही न्या. मी आईलाही नेलं. आई बस चढाला लागेपर्यंत कुरकुरत होती की तुझं बाळंतपण केलं, आता तुझ्या जंतूंचंही करायचं.

वस्ती म्हणजे उतारावर पत्र्याच्या छपरांची एक रांग. खाली पंपाची खोली, तिला लागून आमची. पंप जुन्या झऱ्याचं पाणी ओढायचा आणि ते एका पोलादी नळकांड्यातून टाकीत चढायचं. नळकांड्यात जांभळ्या उजेडाचा दिवा. औषध नाही, वास नाही. त्या झऱ्याच्या पाण्याने पूर्वी एका हंगामात घरोघरची मुलं नेली होती. मग कंपनीने हे यंत्र चाचणीपुरतं बसवलं, आणि मंजुरीचे कागद कित्येक वर्षं इकडून तिकडे फिरत राहिले. मंजुरी मिळाली तर यंत्र कायमचं, शिवाय अशा शेकडो वस्त्यांत जाणार. नाही मिळाली तर कंपनी उचलून नेणार.

पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरला तो नळाखालचा दगड. पाणी अखंड ठिबकत होतं आणि दगड कोरडाच असावा तसा पांढरा. माझा जन्म टाक्या आणि नळ तपासण्यात चालला आहे. पाणी ठिबकतं तिथे शेवाळ येतंच. पंपवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, आमच्याकडे घाण नसते. त्याच्या अंगठ्याला ताजी चीर होती, लाल. मी पट्टी बांधून दिली. पुढच्या आठवड्यात पट्टी सोडली तेव्हा चीर तशीच, जणू आत्ता कापलंय. चिघळली नव्हती. भरलीही नव्हती.

“दुखत नाही का हो?”

“दुखतं ना,” तो म्हणाला. “सवय झाली.”

त्याच्या गालांवर खुंट वाढलेले होते, आदल्या दिवशी दाढी चुकल्यासारखे. मी तिथे असेपर्यंत ते तेवढेच राहिले.

दुसरी बशी पहिल्या खेपेलाच स्वच्छ आली. तशी स्वच्छ बशी मी नोकरीत पाहिलेली नाही. साक्षीचीही तितकीच स्वच्छ होती. मला वाटलं, प्रवासात जंतू मेले. कार्यालयातून नवे मागवले, खळ नवी केली, उबेची पेटी तपासली. पुन्हा तेच. यात न पटणारी गोष्ट ही की दिव्याचा उजेड पाण्यात मागे काही ठेवत नाही. औषध असतं तर ते उरलं म्हणता आलं असतं. उजेडाखालून गेलेलं पाणी पुन्हा नुसतं पाणीच असतं. त्यात नंतर सोडलेला जंतू वाढायलाच हवा.

शेवटी मी त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू मेले नव्हते. हलत होते, वळत होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. जितके सोडले होते तितकेच होते. एकाचे दोन होत नव्हते.

साहेबांना फोन केला. ते आधी हसले. साक्षीदार फितूर झाला म्हणून कुणी खटला मागे घेतं का, म्हणाले. लोकांना जुलाब होतात का? नाही. मग झालं.

आमच्या खोलीत मात्र आनंद होता. ठकीचं पोट दगडासारखं ठणठणीत. येताना तिची खालची हिरडी सुजली होती, लाळेने झबली भिजत होती. आई रोज बोट फिरवून सांगायची, टोचतोय, आलाच आता, उद्या आजीला चावणार. मी घरून आणलेल्या काट्यावर तिला झोळीत घालून तोलायचे. वजन घटलं नव्हतं, एवढ्याने मला देव भेटल्यासारखं व्हायचं.

मग आई दाताबद्दल बोलेनाशी झाली. एका सकाळी उन्हात ठकीला मांडीवर घेऊन ती तिचे पंजे उलटेपालटे करून बघत बसली होती. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, आल्या दिवशी मी हिची नखं कापली होती.

“बरं मग?”

“मग काही नाही. तेवढीच आहेत.”

मी झोळी काढली. काटा जिथे पहिल्या दिवशी थांबला होता, तिथेच थांबला.

शेजारच्या घरात दोन जावा राहायच्या. थोरलीला मी वहिनी म्हणायचे, ती मला ताई. दुपारी तिच्या ओट्यावर आम्ही ठकीला खेळवायचो. थोरली बोलकी, माझ्या बश्यांना ती भातुकली म्हणायची, आणि त्यात जेवायला तुमचे साहेब कधी येणार म्हणून विचारायची. धाकटी दाराशी पाय पसरून बसलेली असे. दिवस अगदी भरत आलेले. पोटावर हात ठेवून ती रस्त्याकडे बघत राही. त्या दिवशी मी आणि आई पहिल्यांदा घरात गेलो. आत पाळणा होता. पाळण्यात ठकीच्याच अंगाची एक मुलगी.

मी सहज म्हणाले, अगबाई, या दोघी बरोबरीच्या की.

थोरलीने पाळण्याला झोका दिला. म्हणाली, नाही हो, माझी मोठी आहे. हिच्या बारशाला ही धाकटी या घरात आली नव्हती. तिचं लग्न मागाहून झालं. दिवस राहिले तेव्हा ती माहेरी होती, भरत आले तेव्हा इथे आली.

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. बाळं बघतात तसं नाही. मी बोलले की माझ्या तोंडाकडे, आई बोलली की आईच्या. मी गप्प झाले तेव्हा ती वाट बघत राहिली.

“किती वर्षांची?” मी विचारलं.

थोरलीने पदराने मुलीची लाळ पुसली. खालची हिरडी सुजलेली होती.

“ताई, माझी दोन गेली,” ती म्हणाली. “आठ दिवसांच्या अंतराने. मोठा तर बोलता बोलता गेला. ही वाढत नाही. नाही तर नाही. पण जातही नाही. सकाळी उठते तर पाळण्यात असते. तुम्ही आई आहात, तुम्हाला काय सांगू? ते यंत्र नेऊ नका.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

“न माहीत असायला काय झालं?”

मी बाहेर आले. दारात धाकटी तशीच बसलेली.

तिला मी कितवा म्हणून विचारलं.

“नववा,” ती म्हणाली.

केव्हापासून, ते मी विचारलं नाही. आई खोलीत जाऊन सामान बांधायला लागली होती.

निघताना पंपाच्या खोलीत बाटल्या आणायला गेले, तर धाकटी माझ्या मागोमाग आली. तेवढं चालल्यानेही तिला धाप लागली होती. पंपवाला नव्हता. तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला.

आतून पाय लागला. जोराने. पुन्हा लागला.

“हे दमत नाही,” ती म्हणाली. “बटण तुमच्या हाताशी आहे. दाबा ना. मग काय व्हायचं ते होऊ दे माझं.”

“तू का नाही दाबत?”

“जाऊबाईंनी शपथ घातलीय. आणि मला रोज त्यांचं तोंड बघायचंय.”

बटण लाल होतं, तेलकट. मी हात पुढे केला. थोरलीच्या घरातून पाळण्याच्या कड्या वाजत होत्या. एक झोका, दुसरा झोका.

मी हात मागे घेतला.

ती नुसती दगडावर बसली आणि दोन्ही हात परत पोटावर ठेवले.

खाली बसची वाट बघताना आईने बाटलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं, बाटलीही फेकली. सबंध रस्ताभर ती एकदाच बोलली. म्हणाली, घरचं पाणी प्यायली की सुधारेल, पोर आहे, कोवळी आहे.

अहवालात मी साक्षीच्या बशीचं सगळं खरं लिहिलं. जंतू हलतात, वाढत नाहीत, हेही. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. खळ शिळी नव्हती, मग चाचणी रद्द कशाला, आणि हे कुठल्या नियमात बसवू, म्हणाले. आपल्याला मारतंय की नाही एवढंच विचारलंय, आणि रोगाची तक्रार तर शून्य आहे. मी वस्तीत पाहिलेलं तोंडी सांगायला लागले, तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आवाज मऊ केला आणि विचारलं की बाळंतपणानंतर झोप नीट लागते ना. त्याच महिन्यात कंपनीला मंजुरीचं पत्र गेलं.

घरी आम्ही वाट बघायला लागलो. आमच्या नळाचं पाणी उकळून, गाळून. मी ठकीच्या हिरडीवरून बोट फिरवायचे आणि ते दिवसातून किती वेळा हे नवऱ्याला सांगायचे नाही. डॉक्टर म्हणाले, काही मुलं थांबतात आणि मग एकदम उसळी घेतात. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते आईला फोनवर तीनदा ऐकवलं. आई हूं म्हणाली.

ठकी हसरी आहे. हल्ली ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबते आणि मग हसते. नवऱ्याला त्याचं कौतुक वाटतं. मी तोंड फिरवते.

वजन हलत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, अंगावरचं किती पिते ते एकदा मोजा, काढून वाटीने पाजा. मी वाटीत काढलं, झाकलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ठकीने चमच्याला तोंडच लावलं नाही. वरचं दूध नको, पेज नको, बाटली नको. ओठ मिटून रडून रडून काळीनिळी झाली, तेव्हा मी तिला छातीशी घेतलं आणि ती निवली. त्या गडबडीत वाटी पडद्यामागे राहून गेली. मधे नवरा फिरतीवर जाऊन आला, उन्हाळा सुरू झाला, घरात आणलेली भाजी दुसऱ्या दिवशी टाकायची वेळ यायला लागली.

आज दुपारी पडदे धुवायला काढले तेव्हा वाटी सापडली.

झाकण उघडताना मी श्वास रोखून धरला होता. मग सोडला. वास आला तो ठकीच्या मानेला येतो तसा, कोवळा. नासलं नव्हतं. फाटलं नव्हतं. बोट बुडवून चाखलं. गोड होतं, आत्ता काढल्यासारखं.

मी वाटी परत झाकली. त्या डोंगरावर महिनाभर मीही तेच पाणी प्यायले होते.

आतल्या खोलीत ठकी जागी झाली. आधी नुसती कुरकुरली. मी गेले नाही. मग रडायला लागली, भुकेचं रडणं. मी चमच्याने वरचं दूध दिलं, तिने थुंकलं. साखरेचं पाणी दिलं. थुंकलं. तिचा आवाज बसत चालला, टाळूवरचा खळगा उडायला लागला.

मी पलंगावर बसले आणि झंपरचे हूक काढले.