क्लच गेला म्हणजे कसा गेला?

"सुट्टीत समुद्रावर जायचं रद्द," बाबांनी सकाळीच सांगून टाकलं. "ट्रक उद्या भंगारवाला घेऊन जाईल."

त्यांच्या थोरल्या मुलीच्या प्रश्नांना अंत नसे, म्हणून घरात तिला सगळे चौकशी म्हणत. ट्रक गेला की बाबा कुठल्याशा लांबच्या कंपनीत दुसऱ्याची गाडी चालवायला जाणार आणि वर्षातून एकदा घरी येणार, हे आईने डोळे पुसत सांगितलं होतं. सुट्टी गेली खड्ड्यात, इथे बाबाच चालले होते.

"पण क्लच नवा टाकला ना?" तिने शेवटी विचारलंच.

"टाकला, तरी परत गेला. मिस्त्रींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, नवी प्लेट टाकूनही क्लच गेला म्हणजे गिअरबॉक्सच खलास. ते आपल्याला झेपणार नाही. आता तू गप्प बस."

ती उठली. धाकट्या भावाला, बारक्याला, घेऊन घरामागे उभ्या असलेल्या ट्रकमध्ये चढली. बंद ट्रक चालवण्यात बारक्याचा हात कोणी धरत नसे. आज तोही रडवेला झाला होता. सीटच्या कडेला घसरून त्याने दोन्ही पायांनी क्लच दाबला आणि एकेक गिअर टाकू लागला.

"ताई, गिअर करकरत का नाहीत गं?"

काल बाबा गिअर टाकत होते तेव्हा दात आंबतील असा आवाज येत होता. पण तेव्हा इंजिन चालू होतं. बंद गाडीत सगळे गिअर मुकाट पडत होते.

"मग गिअरबॉक्स तुटलाय कुठे?" ती पुटपुटली.

"आणि हा क्लच बघ. आधी लोण्यासारखा खाली जात होता. सारखा सारखा दाबला तर घट्ट झाला."

चौकशी विचार करत राहिली. नवी प्लेट टाकण्याआधी चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि ट्रक जागचा हलायचा नाही, पण गिअर सुरेख पडायचे. आता इंजिन चालू असलं की गिअरच पडत नव्हते. बाबा मात्र दोन्ही वेळा एवढंच म्हणाले होते, क्लच गेला.

दोघं धावत मिस्त्रींच्या गॅरेजात पोचली.

"मिस्त्रीकाका, क्लच गेला म्हणजे कसा गेला? धरत नाही, की सोडत नाही?"

"तुझ्या बाबांनीच सांगितलं की गेला म्हणून."

"तुम्ही विचारलं का, कसा गेला ते?"

मिस्त्री हसणार होते, ते राहूनच गेलं. बारक्याने पेडलचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"नवी प्लेट टाकायला गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा क्लचच्या तेलाची नळी सोडवली होती मी. नंतर नळीत शिरलेली हवा नीट काढली नाही. म्हटलं, चालून जाईल. पेडल दाबलं की नुसती हवाच दाबली जाते आणि प्लेट सुटतच नाही, म्हणून गिअर करकरतात." ते उठले. "चला."

बाबा दारातच बसले होते. "आता कशाला?" एवढंच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी निराशा होती की चौकशीला वाटलं, आपण उगाच आशा लावतोय. हवा निघूनही करकर राहिली तर? मग बाबांकडे बघवणार नाही.

मिस्त्री ट्रकखाली सरपटले. बारक्या क्लच दाबून धरी, मिस्त्री बारीक स्क्रू सैल करत, आणि चौकशीने धरलेल्या बाटलीत नळीतून तेलाबरोबर बुडबुडे येत. स्क्रू आवळला की पेडल सोडायचं, वरच्या डबीत तेल भरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बुडबुडे संपता संपेनात. मग एकदाचं नुसतं तेल आलं.

बाबा नाइलाजाने चढले. इंजिन सुरू झालं. त्यांनी क्लच दाबला आणि डोळे मिटून गिअर टाकला. काहीच आवाज झाला नाही. ट्रक हळूच पुढे सरकला.

"जे या पोरांनी विचारलं ते मी विचारायला हवं होतं," मिस्त्री मान खाली घालून म्हणाले. "शाबास आहे दोघांची."

बाबांनी इंजिन बंद केलं, पण बराच वेळ ते खाली उतरले नाहीत. उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मी तुला गप्प बस म्हणालो होतो," ते चौकशीला म्हणाले.

"हो."

"पुन्हा म्हणालो तर ऐकू नकोस."

इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला तेव्हा फुटलं.